कॅमेऱ्यावर चालणारा पहिला रोबो: चेंडू जवळ आला की हरवतो, संध्याकाळी तर दिसतच नाही

रोबो_नाशिक

नमस्कार मंडळी. आयआर सेन्सरचा लाइन फॉलोअर (जमिनीवरच्या रेषेमागे जाणारा रोबो) व्यवस्थित चालतोय. आता त्याच चासीवर कॅमेरा बसवायचा आहे. काम साधंच ठेवलंय: जमिनीवरचा नारंगी टेबलटेनिसचा चेंडू शोधायचा, त्याच्याकडे जायचं आणि १५ सेंटिमीटरवर थांबायचं.

सामान असं आहे: आर्डुइनो उनो, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, पिवळ्या बीओ (गिअरवाल्या) मोटर २, १८६५०चे (लिथियम-आयन) २ सेल सिरीजमध्ये, रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), फिक्स फोकसचा साधा यूएसबी वेबकॅम. एक ईएसपी३२-कॅमसुद्धा (कॅमेरा असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पडून आहे.

सध्या लिनक्सच्या लॅपटॉपवर पायथन आणि ओपनसीव्ही (चित्रं हाताळणारी लायब्ररी) वापरून एचएसव्हीमध्ये (एच म्हणजे रंगछटा, एस म्हणजे सॅच्युरेशन किंवा रंगाचा भडकपणा, व्ही म्हणजे उजळपणा) रंगाचा मास्क (हव्या रंगाचे पिक्सेल पांढरे, बाकी काळे असं चित्र) काढतोय. अडलंय ते इथे:

१) दुपारी खिडकीच्या उजेडात ठरवलेल्या रंगाच्या मर्यादा संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चालत नाहीत. वर व्हिडिओ अडखळतो तो वेगळाच.
२) चेंडू कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेला की मास्क रिकामा होतो, लांब नेला की परत दिसतो. हे उलटं व्हायला हवं ना?
३) वेग वाढावा म्हणून चित्र ६४० × ४८० वरून ३२० × २४० केलं, तेव्हापासून दोन मीटरवरचा चेंडू दिसत नाही.
४) पायवर पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) ओपनसीव्ही टाकायला गेलो तर तो इन्स्टॉलच करू देत नाही.

हे सगळं सोडून सरळ योलो (वस्तू ओळखणारं तयार एआय मॉडेल) लावू का? की ईएसपी३२-कॅमवरच काम भागेल?

---

पांढरा_मास्क

दुसऱ्या प्रश्नापासून धरतो, कारण पहिल्याचं उत्तरही त्यातच आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये फारसं काही चुकलेलं नाही. कॅमेरा तुमच्या नकळत रंग बदलतोय.

वेबकॅममधला ऑटो व्हाइट बॅलन्स ढोबळमानाने असं धरून चालतो की अख्ख्या दृश्याची सरासरी करड्याच्या आसपास असावी. चेंडू लांब असताना तो चित्राचा जेमतेम एक टक्का असतो, त्यामुळे सरासरी हलत नाही. तोच जवळ येऊन निम्मं चित्र व्यापतो तेव्हा कॅमेऱ्याला वाटतं की खोलीतला उजेडच नारंगी झालाय, आणि तो सगळं चित्र निळ्याकडे ओढतो. तुमचा नारंगी फिकट होतो, सॅच्युरेशन मर्यादेखाली जातं, मास्क रिकामा. संध्याकाळचंही तेच, फक्त तिथे जोडीला ऑटो एक्स्पोजर आहे. उजेड कमी झाला की तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि त्यापायी ३० फ्रेमचे १५ करतो. तुम्हाला दिसणारं अडखळणं हेच.

म्हणून मर्यादा ठरवायच्या आधी कॅमेरा बांधून टाका. लिनक्सवर व्ही४एल-यूटिल्स पॅकेज घ्या, त्यात व्ही४एल२-सीटीएल नावाचं साधन येतं. त्याला आधी कंट्रोल्सची यादी मागा, कारण प्रत्येक कॅमेऱ्यात सगळेच नसतात आणि जुन्या लिनक्स कर्नलमध्ये नावंही थोडी वेगळी आहेत. मग या क्रमाने:

ऑटो एक्स्पोजर १ करा (यूव्हीसी, म्हणजे सर्वसाधारण यूएसबी कॅमेऱ्यात १ म्हणजे मॅन्युअल, ३ म्हणजे ऑटो). त्यानंतर एक्स्पोजर टाइम ॲब्सोल्यूट १०० द्या. हे एकक १०० मायक्रोसेकंदांचं आहे, म्हणजे १०० म्हणजे १० मिलिसेकंद. ऑटो बंद करायच्या आधी वेळ द्यायला गेलात तर ती लागूच होत नाही. बरेच जण इथेच अडकतात. एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट ०. गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते) एका आकड्यावर स्थिर. व्हाइट बॅलन्स ऑटोमॅटिक ०, आणि व्हाइट बॅलन्स टेंपरेचर साधारण ४६००. हा आकडा कमी-जास्त चालेल, तो हलता कामा नये एवढंच.

१० मिलिसेकंदच का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक्स्पोजर १० च्या पटीत असलं की प्रत्येक ओळीवर सारखाच उजेड पडतो. ७ किंवा १३ ठेवलंत तर चित्रात आडवे काळसर पट्टे सरकताना दिसतील, आणि चेंडू पट्ट्यात गेला की मास्क तुटेल. २० ठेवता येतं, पण मग वळताना चित्र जास्त पुसट, ओढल्यासारखं येतं. अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारा रोबो १० मिलिसेकंदात ५ मिलिमीटर सरकतो, २० मध्ये १०. चेंडूच ४० मिलिमीटरचा आहे हे लक्षात घ्या. १० मिलिसेकंदाला चित्र डोळ्यांना अंधारं वाटेल. वाटू द्या, चित्र आपल्याला बघायचं नाहीये. फारच अंधार असेल तर खोलीत दिवा वाढवा. गेन वाढवून नुसते ठिपके वाढतात.

एक खबरदारी: कॅमेरा उपटून परत लावला की या सेटिंग्ज बहुधा मूळपदावर जातात. त्यामुळे या कमांड प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, कॅमेरा उघडल्यानंतर चालवा.

आता मर्यादा. स्लायडर सरकवून नजरेने ठरवू नका, त्यात सगळे त्या वेळच्या चित्राला अनुकूल आकडे निवडतात. त्यापेक्षा चेंडू तीन ठिकाणी ठेवून फोटो घ्या: जवळ, लांब आणि टेबलाखालच्या सावलीत. प्रत्येक फोटोत चेंडूच्या आतला एक चौकोन कापा, त्यातल्या सगळ्या पिक्सेलचे एच, एस, व्ही घ्या आणि तिन्ही फोटो मिळून प्रत्येकाचं ५वं आणि ९५वं पर्सेंटाइल काढा (म्हणजे सगळ्यात खालचे आणि वरचे ५ टक्के आकडे सोडून उरलेली टोकं). मग एचला दोन्ही बाजूंना ३ ने ढील द्या, एसची खालची मर्यादा ३० ने आणि व्हीची ४० ने खाली आणा, दोन्हींची वरची मर्यादा २५५. व्हीला एवढी ढील कारण सावलीत तोच सगळ्यात जास्त पडतो, एच त्या मानाने जागेवर राहतो.

ओपनसीव्हीत एच ० ते १७९ असतो, ३६० पर्यंत नाही. नारंगी साधारण ५ ते २० मध्ये येतो. लाल चेंडू घेतलात तर तो ० ते १० आणि १७० ते १७९ असा दोन टोकांना फुटतो, तेव्हा दोन मास्क काढून जोडावे लागतात. शिवाय ओपनसीव्ही चित्र बीजीआर क्रमात देतं, आरजीबी नव्हे. रूपांतर करताना उलटा पर्याय निवडलात तर नारंगी चेंडू निळ्याच्या हद्दीत सापडतो.

नारंगीचा खरा त्रास असा की माणसाची त्वचाही जवळपास त्याच एचमध्ये येते. ती वेगळी पडते ती सॅच्युरेशनवर: त्वचेचं बहुधा १५० च्या खाली, चेंडूचं वर. म्हणून एसची मर्यादा फार सैल केलीत की रोबो माणसाच्या पायांच्या मागे लागेल. दारावर झेंडूचं तोरण असेल तर तिकडेही. रोबोकप या रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेच्या स्मॉल साइज लीगमध्येही नारंगी गोल्फचा चेंडू असतो, पण तिथलं मैदान हिरवं आहे. आपल्या घरातलं मैदान आपल्याला निवडता येत नाही. करडी शहाबादी फरशी उत्तम. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल सगळ्यात वाईट, कारण तिच्यात चेंडूचं प्रतिबिंब पडतं आणि मास्कमध्ये एकाखाली एक दोन चेंडू दिसतात.

तिसरा प्रश्न हिशेबाचा आहे. वेबकॅमचा आडवा कोन ६० अंश धरा. ६४० रुंदीच्या चित्रात फोकल लांबी येते साधारण ५५४ पिक्सेल, ३२० मध्ये २७७. चेंडूची चित्रातली रुंदी = फोकल लांबी × खरी रुंदी ÷ अंतर. ३२० मध्ये १ मीटरवर ११ पिक्सेल, २ मीटरवर साडेपाच. ठिपके घालवायला ५ × ५ कर्नलचं (पिक्सेलच्या चौकोनाचं) ओपनिंग (आधी कडा खाणारं इरोजन, मग उरलेलं परत फुगवणं) लावलं असेल (जवळपास प्रत्येक ट्युटोरियलमध्ये असतं) तर साडेपाच पिक्सेलच्या वर्तुळात ५ × ५ चा चौकोन मावतच नाही, कारण त्याचा कर्णच ७ आहे. इरोजनमध्ये अख्खा चेंडू पुसला जातो. ३ × ३ लावा, किंवा ६४० वर परत या. पाय ४ ला ६४० × ४८० वर रंगाचा मास्क सहज झेपतो. वेग कमी पडत असेल तर त्याचं कारण दुसरीकडे शोधा: खिडकीत चित्र दाखवणं, तेही व्हीएनसीवरून (पायची स्क्रीन दुसऱ्या संगणकावर बघणं), हे मास्कपेक्षा कितीतरी महाग पडतं.

चौथं: नव्या पाय ओएसमध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला हात लावू देत नाहीत. ॲप्टने (सिस्टिमचा पॅकेज इन्स्टॉलर) पायथन३-ओपनसीव्ही टाका, काम झालं. पिपच हवा असेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचा वेगळा कप्पा) बनवा, आणि सिस्टिम साइट पॅकेजेस दिसू देण्याचा पर्याय चालू ठेवा.

योलो नको. एका रंगाच्या एका चेंडूसाठी ती तोफ आहे, आणि नुसत्या पाय ४ वर तिचा वेग सेकंदाला मोजक्या फ्रेमवर येतो. रंगाचा मास्क कॅमेऱ्याच्या पूर्ण ३० फ्रेमला चालतो.

---

खटपट्या

ईएसपी३२-कॅमबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. भागेल, पण अटी आहेत.

त्यावर ओपनसीव्ही विसरा. सेन्सरकडून जेपेग न घेता आरजीबी५६५ मध्ये (न दाबलेलं, पिक्सेलला २ बाइट) १६० × १२० चं चित्र घ्या, ३८,४०० बाइट होतात. दोन फॉर-लूप, प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा काढायचा, लाल हिरव्यापेक्षा ठरावीक पटीने जास्त आणि निळा फारच कमी असेल तर तो पिक्सेल मोजायचा, एक्स आणि वायची बेरीज ठेवायची, शेवटी भागायचं. एवढंच. जेपेग घेतलंत तर ते उलगडण्यातच वेळ जाईल. आरजीबी५६५ मध्ये प्रत्येक पिक्सेलचा वरचा बाइट आधी येतो. ते न बघता १६ बिटचा आकडा म्हणून वाचलंत तर रंगांचा पार चिवडा होतो आणि माणूस दिवसभर मर्यादा बदलत बसतो.

वर सांगितलंय तसं ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, ऑटो व्हाइट बॅलन्स इथेही बंद करायचे. ओव्ही२६४० (या बोर्डवरचा कॅमेरा सेन्सर) च्या ड्रायव्हरमध्ये तिन्हींची फंक्शन्स आहेत.

वायरिंगमध्ये सांभाळायचं ते असं. ५ व्होल्टच्या पिनला दमदार सप्लाय द्या. प्रोग्रॅमिंगच्या छोट्या ॲडाप्टरमधून वीज घेतली की वायफाय चालू होताना ब्राउनआउटचा (व्होल्टेज पडल्याचा) मेसेज येऊन बोर्ड रीसेट होत राहतो. प्रोग्रॅम टाकताना जीपीआयओ ० (जीपीआयओ म्हणजे बोर्डवरच्या जोडणीच्या पिन) ग्राउंडला, टाकून झाल्यावर काढायची आणि रीसेट. जीपीआयओ ४ वर फ्लॅशचा एलईडी आहे, तिथे मोटर जोडू नका. जीपीआयओ १२ सुरू होताना हाय असेल तर बोर्ड फ्लॅश मेमरीला चुकीचं व्होल्टेज देतो आणि बूटच होत नाही. मोटर ड्रायव्हरवर पुलअप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) असेल तर हा पिन टाळा. उनोच्या टीएक्सवरून (पाठवणारी पिन) ईएसपीच्या आरएक्सला (घेणारी पिन) ५ व्होल्ट थेट देऊ नका, १ किलोओम आणि २ किलोओमचा व्होल्टेज डिव्हायडर लावा. ईएसपीकडून उनोकडे जाणारी तार थेट चालते.

१६० रुंदीत चेंडू १ मीटरवर साडेपाच पिक्सेलच होतो. त्यामुळे १ मीटरच्या आतलं काम असेल तरच हा मार्ग.

पण पाय हाताशी असताना हे करण्यात अर्थ नाही असं म्हणणार नाही. पिक्सेल म्हणजे काय हे दोन फॉर-लूप हाताने लिहिल्यावर जितकं कळतं तितकं तयार फंक्शन बोलावून कळत नाही.

---

पांढरा_मास्क

@खटपट्या, शिकायला ठीक, पण पहिल्याच रोबोला नको. ईएसपीवर मास्क डोळ्यांनी बघायची सोय करायलाच अर्धं काम लागतं, आणि मास्क न बघता मर्यादा ठरवणं म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार. आधी पायवर चालू द्या.

---

रोबो_नाशिक

दोघांचेही आभार. कॅमेरा बांधल्यावर रात्री ट्यूबलाइटखालीही चेंडू धरला जातोय, जवळ आणला तरी मास्क टिकतो. ॲप्टने ओपनसीव्हीही बसलं. आता पाय चासीवर आहे, उनो यूएसबीने जोडलाय, पायला वीज एल२९८एनच्या ५ व्होल्ट पिनवरून दिली आहे.

नवे प्रश्न: रोबो चेंडूकडे तोंड करायला जातो आणि पुढे निघून जातो, मग उलटा वळतो, परत पुढे. नागासारखा डुलत बसतो. दुसरं, मोटर सुरू झाल्या की पायच्या स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं, कधी कधी पाय रीस्टार्ट होतो. तिसरं, थांबायचं अंतर चेंडूच्या व्यासावरून काढतोय, ते कधी १२ तर कधी २० सेंटिमीटर येतं.

---

सोल्डर_ताई

आधी ती एल२९८एनवरची तार काढा. त्या मॉड्यूलवरचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर ७८एम०५ आहे, अर्ध्या अँपिअरचा. पाय ४ चा अधिकृत ॲडाप्टर ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा असतो. अर्ध्या अँपिअरवर पाय सुरू झाला हेच नवल.

सगळ्यात सोपा उपाय: पायला वेगळी ३ अँपिअरची पॉवर बँक, १८६५०चे सेल फक्त मोटरना. पाय ते उनो यूएसबी आहेच, त्यातून उनोला वीज आणि ग्राउंड दोन्ही मिळतात. उनोचा ग्राउंड एल२९८एनच्या ग्राउंडला जोडा, ही तार विसरली की मोटर वेड्यावाकड्या चालतात. एल२९८एनचा ५ व्होल्ट पिन उनोच्या ५ व्होल्टला जोडू नका, दोन सप्लाय एकमेकांवर जातात.

एकाच बॅटरीवर चालवायचं असेल तर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारं मॉड्यूल) लागेल. एलएम२५९६ चं स्वस्त मॉड्यूल कागदावर ३ अँपिअरचं आहे, पण हीटसिंकशिवाय २ च्या वर तापतं, आणि इनपुट साडेसहा व्होल्टच्या खाली गेलं की आउटपुट ढासळतं. दोन सेल भरलेले असताना ८.४ व्होल्ट, संपत आले की ६ च्या आसपास. म्हणजे बॅटरी संपायच्या आधीच पाय बंद. ५ अँपिअरचं, कमी ड्रॉपआउटचं (इनपुट आउटपुटच्या थोडंच वर असलं तरी चालणारं) मॉड्यूल घ्या, पाय जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून ५.१ व्होल्टवर आणा. सेलवर २एस बीएमएस (दोन सेलचं रक्षण करणारं सर्किट) हवाच.

खरंच व्होल्टेज पडतंय का हे चिन्हावरून ठरवत बसू नका. टर्मिनलवर व्हीसीजेनसीएमडीला (पायची स्थिती सांगणारी कमांड) गेट थ्रॉटल्ड विचारा. उत्तर नुसतं शून्य आलं तर ठीक. उत्तराचा शेवटचा अंक १ किंवा ५ असेल तर या क्षणी व्होल्टेज ४.६३ च्या खाली आहे. ५०००० असं आलं तर आत्ता ठीक, पण सुरू झाल्यापासून केव्हातरी पडलं होतं. मोटर चालू-बंद करून पुन्हा विचारा. आणि यूएसबीची तार बदलून बघा. लांब, बारीक तारेत अर्धा व्होल्ट सहज जातो.

प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर थेट एकेक १०४ (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. ब्रशच्या ठिणग्यांमुळे यूएसबी कॅमेरा मधेच तुटतो, तो बऱ्याचदा एवढ्यानेच शांत होतो. १०४, जेएसटी कनेक्टर, जाड तार हे पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटं मिळतं, ऑनलाइन पाकीट मागवायची गरज नाही.

एल२९८एन २ व्होल्टच्या आसपास खातो म्हणून त्याला सगळे नावं ठेवतात. तुमच्याकडे ७.४ व्होल्ट आहेत आणि बीओ मोटर ६ व्होल्टपर्यंतच्या, त्यामुळे इथे तो चालून जातो. ४ पेन्सिल सेलवर मात्र मोटरला काही उरत नाही, तिथे टीबी६६१२ ड्रायव्हर घ्या.

अजून एक, आणि हे टाळू नका: उनोच्या प्रोग्रॅममध्ये ३०० मिलिसेकंदात पायकडून नवी आज्ञा आली नाही तर मोटर बंद, असं लिहा. पायचा प्रोग्रॅम अडकला तर रोबो शेवटच्या आज्ञेवर भिंतीत जाऊन फिरत राहतो. आणि पायने सिरियल पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो, तेव्हा उघडल्यावर २ सेकंद थांबून मगच पहिली आज्ञा पाठवा.

---

पांढरा_मास्क

डुलण्याचं कारण: रोबो आत्ताचं नाही, थोडं जुनं चित्र बघून वळतोय.

चित्र टिपणं, यूएसबीवरून येणं, मास्क, सिरियल, मोटरने वेग घेणं, सगळं मिळून १०० मिलिसेकंद सहज होतात. रोबो जागच्या जागी सेकंदाला १८० अंश वळत असेल तर तेवढ्यात १८ अंश वळतो. ६० अंशांच्या चित्रात ते १९० पिक्सेल. म्हणजे चेंडू मधोमध आल्याचं कळेपर्यंत तो चित्राच्या जवळपास एक तृतीयांश पुढे गेलेला असतो. वळण ६० अंश प्रतिसेकंदावर आणा, चूक ६४ पिक्सेलवर येते. केपी (वळण ठरवताना चुकीला गुणायचा आकडा) वाढवून हे कधीच सुटत नाही, उलट बिघडतं.

उशीर मोजा. फोनवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरा, पायवरचं चित्र मॉनिटरवर दाखवा, आणि दुसऱ्या फोनने दोन्ही एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक हा कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतचा उशीर. २०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर फ्रेमची रांग साठतेय. ड्रायव्हर काही फ्रेम राखून ठेवतो. तुमचा लूप कॅमेऱ्यापेक्षा हळू असला की तुम्ही कायम रांगेतली सगळ्यात जुनी फ्रेम उचलता. ओपनसीव्हीत बफरसाइज १ करून बघा, सगळीकडे तो मानला जात नाही. खात्रीचा उपाय म्हणजे वेगळा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) जो अखंड फ्रेम वाचत राहतो आणि फक्त शेवटची ठेवतो. मुख्य लूपने तीच घ्यायची.

फॉरमॅटही तपासा. ६४० × ४८० वर वाययूवायव्ही (न दाबलेलं चित्र) ३० फ्रेमला साधारण १८ मेगाबाइट प्रतिसेकंद होतात, यूएसबी २ ला चालतं. १२८० × ७२० वर तेच ५५ होतात, मावत नाहीत, आणि कॅमेरा गुपचूप १० फ्रेमवर येतो. तिथे एमजेपेग (दाबलेलं चित्र) मागावा लागतो, मग तो उलगडायचा वेळ पायच्या डोक्यावर. तुम्हाला ६४० पुरे.

नियंत्रण असं ठेवा: चूक = चेंडूचा एक्स वजा ३२०, भागिले ३२०, म्हणजे −१ ते +१. चूक ०.०५ च्या आत असेल तर वळू नका. त्यापुढे वळण = केपी × चूक + केडी × (आत्ताची चूक − मागची चूक). केडी शून्य ठेवून केपी हळूहळू वाढवा, डुलायला लागला की निम्म्यावर आणा, मग केडी थोडा थोडा द्या. चूक मोठी असेल तेव्हा पुढे जाण्याचा वेग कमी करा. बीओ मोटर कमी पीडब्ल्यूएमला (उनो मोटरला देतो तो वेगाचा आकडा) नुसत्या गुणगुणतात, फिरत नाहीत. तुमच्या मोटर कितीला हलतात ते जमिनीवर, पूर्ण वजनासह बघा आणि तो आकडा शून्याच्या जागी धरा, नाहीतर छोट्या चुकीला रोबो जागचा हलणार नाही.

चेंडू एखाद्या फ्रेममध्ये दिसला नाही तर लगेच शोधायला गरगर फिरू नका. ५ फ्रेमपर्यंत शेवटची चूक धरून ठेवा.

---

रेझिस्टर_काका

अंतराचं सांगतो. व्यासावर विसंबू नका. वरून ट्यूबलाइट पडते, तेव्हा चेंडूच्या माथ्यावर पांढरा ठिपका येतो, तिथे सॅच्युरेशन पडतं, आणि मास्कमध्ये पूर्ण चेंडूऐवजी खालची कोर उरते. व्यास कमी भरला की रोबोला चेंडू लांब वाटतो आणि तो पुढे जातो. व्यास लागतच असेल तर क्षेत्रफळावरून काढू नका, कॉन्टूरभोवतीचं (कॉन्टूर म्हणजे मास्कमधल्या आकाराची कडा) सगळ्यात लहान वर्तुळ घ्या. कॉन्टूरचं क्षेत्रफळ भागिले त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ हे ०.६ च्या खाली असेल तर तो चेंडू धरू नका, चप्पल किंवा पिशवी असेल. (कॉन्टूर काढणारं फंक्शन ओपनसीव्ही ३ मध्ये तीन गोष्टी परत करायचं, ४ मध्ये दोन. जुना कोड उचललात तर तिथे अडेल.)

त्यापेक्षा बरा मार्ग: चेंडू जमिनीवरच आहे, तेव्हा चित्रात तो किती खाली दिसतो यावरून अंतर मिळतं. कॅमेरा जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, २५ अंश खाली झुकवून घट्ट बसवा. ६४० × ४८० आणि वरचाच ६० अंशांचा कॅमेरा धरला तर जमीन साधारण १३ सेंटिमीटरपासून ५ मीटरपर्यंत दिसते आणि क्षितिज चित्राच्या किंचित बाहेर जातं. म्हणजे पडदे, कपडे, भिंतीवरचं कॅलेंडर यांचा वरचा भाग आपोआप कापला जातो. २० अंशच झुकवलात तर १५ सेंटिमीटरवरच्या चेंडूचा तळ चित्राबाहेर पडतो आणि थांबायच्या वेळीच माप चुकतं.

या मांडणीत जमिनीवरचा बिंदू हिशेबाने १५ सेंटिमीटरला ४४२ व्या ओळीवर येतो, ३० ला २५५, ५० ला १५९, १०० ला ७६, २०० ला ३१. जवळ बघा: १५ सेंटिमीटरच्या फरकाला १८७ ओळी. थांबायला याहून बारीक माप लागत नाही. पण हे आकडे माझ्या कागदावरचे. तुमच्या लेन्सचे वेगळे येतील. जमिनीवर टेप पसरा, चेंडू १५, २०, ३०, ५०, १००, २०० वर ठेवा, मास्कच्या तळाची ओळ टिपा, आणि नमपायच्या (पायथनची गणिताची लायब्ररी) इंटर्प फंक्शनला हे कोष्टक द्या, ते मधली अंतरं काढून देतं. अंतर कॅमेऱ्यापासून मोजताय की बंपरपासून, ते एकदा ठरवा. इंटर्पला ओळी चढत्या क्रमात लागतात, उतरत्या दिल्या तर तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो. कॅमेऱ्याचा स्टँड दुहेरी टेपने चिकटवू नका, उन्हाळ्यात तो खाली सरकतो आणि सगळं कोष्टक बिघडतं. दोन एम३ स्क्रू लावा.

चेंडू जमला की पुढची पायरी अरुको मार्कर (कॅमेऱ्याने ओळखायची काळ्या-पांढऱ्या घरांची चौकोनी छापील खूण). आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र रोबोटिक्स स्पर्धेतही ते भेटतात. ४ × ४ च्या ५० वाल्या संचातले घ्या, १० सेंटिमीटरचे, मॅट कागदावर छापा. लॅमिनेट केलं की ट्यूबलाइट चमकून कोपरा जातो. काळ्या चौकटीभोवती किमान एका घराएवढी पांढरी जागा ठेवा. कात्रीने काळ्याला लागून कापलेला मार्कर ओळखलाच जात नाही, आणि हीच तक्रार सगळ्यात जास्त दिसते. ओपनसीव्ही ४.७ पासून अरुको मुख्य लायब्ररीत आलं आणि वापरायची पद्धत बदलली, आता आधी डिटेक्टर ऑब्जेक्ट बनवावा लागतो. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून लिहिलेला कोड चालणार नाही. मार्करचं अंतर आणि कोन हवा असेल तर आधी बुद्धिबळाच्या पटाने कॅमेरा कॅलिब्रेट करा: आतले कोपरे ९ × ६, वेगवेगळ्या कोनांतून १५ ते २० फोटो, काही चित्राच्या कडेला नेलेले. पट पुठ्ठ्यावर सपाट चिकटवा, वाकलेल्या कागदाने आकडे चुकतात. चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आली की पुरे. कॅलिब्रेशन ज्या आकाराच्या चित्रावर केलं, रोबोही त्याच आकारावर चालवा.

---

रोबो_नाशिक

पॉवर बँक लावल्यावर गेट थ्रॉटल्ड शून्य दाखवतंय. थ्रेड लावल्यावर स्टॉपवॉचमधला फरक २८० वरून ९० मिलिसेकंदांवर आला, डुलणं जवळजवळ गेलं. काका, टेपवरचं कोष्टक भरतोय, पण २०० सेंटिमीटरला मास्कचा तळ दर फ्रेमला एक-दोन ओळी वरखाली होतो. चालेल का?

---

रेझिस्टर_काका

चालेल. तिथे १०० ते २०० मध्ये मिळून ४५ ओळीच आहेत, म्हणजे एक ओळ इकडेतिकडे झाली की काही सेंटिमीटरचा फरक पडणारच. लांबच्या अंतराचा उपयोग फक्त वेग ठरवायला करा: ५० च्या पुढे एकच वेग, ५० ते १५ मध्ये उतरता. शेवटच्या ५ फ्रेमचं मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घ्या, सरासरी नको, एका भरकटलेल्या फ्रेमने सरासरी ओढली जाते. आणि १५ ला थांबायचं असेल तर आज्ञा १७-१८ लाच द्या, त्या ९० मिलिसेकंदांत रोबो पुढे जातोच. नेमकं किती ते तुमच्या वेगावर ठरेल.